पीएफबीआरमध्ये कार्बाइड सोडून ऑक्साइड का? (वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या द्रुत अणुभट्ट्यांचं इंधन)

अणुरेणू

कल्पाक्कमच्या छोट्या चाचणी भट्टीत, म्हणजे एफबीटीआरमध्ये, ऑक्टोबर १९८५ पासून युरेनियम-प्लुटोनियमचं मिश्र कार्बाइड वापरात आहे. सुरुवातीला टनामागे २५ हजार मेगावॉट-दिवस एवढंच बर्नअप (टनभर इंधनातून काढलेली एकूण उष्णता) धरलं होतं, ते टप्प्याटप्प्यानं १ लाख ५५ हजारांवर नेलं. कार्बाइडची घनता जास्त, उष्णतावहन ऑक्साइडच्या कितीतरी पट. असं असताना शेजारच्याच ५०० मेगावॉटच्या पीएफबीआर या मोठ्या द्रुत भट्टीला मॉक्स, म्हणजे तेच दोन धातू ऑक्साइडच्या रूपात. आणि त्यापुढच्या भट्ट्यांसाठी बोलणी धातुरूप इंधनाची.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं वाटतं. घोडं नक्की कुठे पेंड खातंय? "खर्च कमी" एवढ्यावर बोळवण करू नका, आकडे द्या.

शंकेखोर

आधी "चांगलं इंधन" म्हणजे काय ते ठरवा. द्रुत भट्टीत कार्यक्षमता तीन जागी मोजतात आणि तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं येतं.

उष्णतेची वीज किती झाली, हे पहिलं. पीएफबीआर १२५० मेगावॉट उष्णतेतून ५०० मेगावॉट वीज देते, म्हणजे ४० टक्के. आपल्या ७०० मेगावॉटच्या जडपाण्याच्या भट्ट्या ३२ टक्क्यांच्या आसपास. हा फरक भट्टी निववणाऱ्या सोडियमच्या तापमानाचा: आत ३९७, बाहेर ५४७ अंश, वाफ ४९० अंशांची.

खाणीतल्या युरेनियमपैकी किती जाळलं, हे दुसरं. आणि जाळलं त्यापेक्षा किती जास्त प्लुटोनियम बनवलं, हे तिसरं. धाग्यात हे तीन एकमेकांत मिसळले की शंभर प्रतिसाद होतील आणि हाती काही लागणार नाही.

चिंचोके

शंभर प्रतिसाद झाले तर संपादक मंडळ तसंही धागा बंद करतं. जागा धरून बसलोय.

खारा वारा

अणुरेणू, प्रश्नातच एक गृहीतक लपलंय. एफबीटीआरला कार्बाइड "निवडलं" असं तुम्ही धरताय. ते गळ्यात पडलं होतं.

एफबीटीआरचा आराखडा फ्रान्सच्या रॅप्सोदी भट्टीवरून घेतलेला. मूळ बेतात इंधन ऑक्साइडच होतं, ७० टक्के युरेनियम ऑक्साइड आणि ३० टक्के प्लुटोनियम ऑक्साइड, पण त्यातलं युरेनियम अतिसमृद्ध. १९७४ च्या पोखरणनंतर ते मिळण्याची वाट बंद झाली. आता गाभा तर चिमुकला, त्यामुळे न्यूट्रॉनची गळती प्रचंड. समृद्ध युरेनियम नसेल तर साखळी टिकवायला प्लुटोनियमचं प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात न्यावं लागतं. एवढं प्लुटोनियम ऑक्साइडमध्ये घातलं की उष्णतावहन आणखी घसरतं, ऑक्सिजनचं प्रमाण सांभाळणं अवघड होतं आणि सोडियमशी ते नीट नांदत नाही. म्हणून ट्रॉम्बेत ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि ३० टक्के युरेनियम कार्बाइड असं मिश्रण बनवलं, मार्क-१. पुढे गाभा वाढवताना ५५-४५ चं मार्क-२ आलं.

पीएफबीआरचा गाभा मोठा, गळती कमी. तिथे २१ आणि २८ टक्के प्लुटोनियम ऑक्साइड पुरतं: आतल्या ८५ जुडग्यांत (इंधनाच्या नळ्यांच्या गठ्ठ्यांत) कमी, बाहेरच्या ९६ मध्ये जास्त, म्हणजे शक्ती कडेपर्यंत सपाट राहते. अडचण मुळात उरलीच नाही, तर तिच्यावरचा तोडगा कशाला वागवायचा?

अणुरेणू

खारा वारा, हे पटलं. पण गळ्यात पडलेलं स्थळ चांगलं निघालं तर मोडायचं कशाला? दीड लाखाचं बर्नअप खोटं नाही ना?

पाऊणमाणूस

खोटं नाही. पण इंधन बनवणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा.

मॉक्सची रीत साधी आहे. दोन्ही भुकट्या मोजून मिसळायच्या, दळायच्या, गोळ्या दाबायच्या, १६०० अंशांच्या वर हायड्रोजन मिसळलेल्या वायूत भाजायच्या, जास्तीचा व्यास घासून काढायचा, नळीत भरून टोकं वेल्ड करायची. सगळं ग्लोव्हबॉक्समध्ये, कारण प्लुटोनियम. पण भुकटी हवेत पेट घेत नाही.

कार्बाइडला आधी ऑक्साइड भुकटीत ग्रॅफाइट मिसळून त्याच्या वड्या दाबायच्या आणि निर्वात भट्टीत तापवायच्या. एका युरेनियम ऑक्साइडला तीन कार्बन. एक धातूला चिकटतो, दोन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातात. इथे दोन्हीकडून फास. कार्बन कमी पडला की मोकळा धातू उरतो, तो कमी तापमानाला वितळतो आणि पोलादाशी संगनमत करतो. कार्बन जास्त झाला की तो नळीच्या पोलादात शिरतो आणि नळी ठिसूळ होते. म्हणून थोडं सेस्क्विकार्बाइड (जास्त कार्बनवालं कार्बाइड) मुद्दाम ठेवतात, मोकळ्या धातूपेक्षा ते परवडलं. तापमान किंवा वेळ वाढवली की प्लुटोनियम वाफ होऊन उडतं आणि हिशेब बिघडतो. त्यानंतर तयार ढेकळं फोडून पुन्हा दळायची, आणि ही बारीक भुकटी हवा लागली की पेटते. म्हणजे पूर्ण रांग शुद्ध आरगॉन किंवा नायट्रोजनमध्ये, ऑक्सिजन आणि दमटपणा दोन्ही पीपीएममध्ये मोजत.

एफबीटीआरच्या एका जुडग्यात ६१ पिना (गोळ्या भरलेल्या नळ्या), जुडगी मोजकी. पीएफबीआरमध्ये १८१ जुडगी गुणिले २१७ पिना म्हणजे ३९,२७७ पिना. हे प्रमाण नजरेसमोर ठेवा.

घटप्रभा

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

पण ऑक्साइडच्या तापमानाबद्दल कुणी बोललंच नाही. गोळीच्या मध्यापासून कडेपर्यंतचा तापमानाचा उतार = रेषीय शक्ती (पिनेच्या दर मीटर लांबीतून निघणारी उष्णता) भागिले (४ × पाय × उष्णतावहन). पीएफबीआरची कमाल रेषीय शक्ती सेंटीमीटरला ४५० वॉट, म्हणजे मीटरला ४५,०००. त्याला ४ पायनं भागलं की ३,५८० येतात.

ऑक्साइडचं वहन सरासरी २.५ धरलं तर उतार १,४३० अंश. कार्बाइड किंवा धातूला २० च्या आसपास धरलं तर जेमतेम १८०. म्हणूनच पीएफबीआरच्या गोळीला मधोमध १.८ मिलिमीटरचं भोक आहे. बाहेरचा व्यास ५.५५. भोकामुळे वरच्या आकड्याला ०.७३ नं गुणायचं, म्हणजे १,०५० अंश. पृष्ठभागाचं तापमान धरूनही मध्य वितळणबिंदूपासून, म्हणजे २,७५० च्या आसपासून, बराच खाली राहतो. दांडगा वितळणबिंदू हीच ऑक्साइडची पुंजी; वहनात गमावलेलं तिथे वसूल होतं.

चिंचोके

थोडक्यात मेदूवडा. मधलं कच्चं राहू नये म्हणून भोक. फक्त इथे मधलं करपू नये म्हणून.

ऋणप्रभार

वडा राहू द्या. भोकाचं दुसरं कामही तितकंच मोठं आहे: फुगायला जागा. नळीचा आतला व्यास ५.७ मिलिमीटर. आडव्या छेदात इंधन किती टक्के जागा व्यापतं ते काढा: ५.५५ चा वर्ग वजा १.८ चा वर्ग, भागिले ५.७ चा वर्ग, गुणिले गोळीची स्वतःची साडेपंच्याण्णव टक्के घनता. ८१ टक्के येतात. उरलेल्या १९ मध्ये विखंडनानं होणारा फुगवटा मावतो.

ऑक्साइड गरम, म्हणून मऊ. फुगलं तरी आतल्या भोकाकडे सरकतं. कार्बाइड थंड आणि कडक राहतं, ते फुगलं की थेट नळीला रेटतं. ज्या गुणाचं कौतुक चाललंय तोच दीर्घ मुदतीत नडतो.

युरेनस

सगळे ऑक्साइड-कार्बाइडमध्येच घुटमळताय. या खेळातला राजा धातू आहे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या ईबीआर-२ या द्रुत भट्टीनं १९६४ ते १९९४ धातूवरच दिवस काढले. ३ एप्रिल १९८६ ला पूर्ण शक्तीवर असताना मुख्य पंप बंद केले, नियंत्रक सळ्या पाडल्या नाहीत, तरी भट्टी आपली आपण निवली. दुपारी उष्णता काढून नेणारी बाजू बंद करून बघितली, तरी तेच. ऑक्साइडनं हे करून दाखवावं.

कारण घटप्रभा यांच्या आकड्यांतच आहे. ऑक्साइडच्या पोटात हजार अंशांची उष्णता कोंडलेली असते. शक्ती उतरायला लागली की ते निवतं, आणि निवताना डॉप्लर परिणाम (इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतं, तो) उलटा फिरून साखळीला पुन्हा जोर देतो. धातू आधीच थंड, त्यामुळे हा उलटा धक्का किरकोळ.

शंकेखोर

युरेनस, अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेऊ नका. पंप थांबले तर धातू सरस, कबूल. पण सळी अचानक वर सरकली आणि शक्ती उसळली, तर तोच दणदणीत डॉप्लर ऑक्साइडला आवरतो. तिथे धातूला लांबीनं प्रसरण पावण्यावर भिस्त ठेवावी लागते. आणि धातूचा वर्णपट जास्त कडक, म्हणजे न्यूट्रॉन जास्त वेगवान, असल्यामुळे मोठ्या गाभ्यात सोडियम उकळून पोकळी झाली तर प्रतिसाद जास्त धन येतो, म्हणजे शक्ती आणखी चढते. ईबीआर-२ अवघी साडेबासष्ट मेगावॉट उष्णतेची होती. तिच्या गाभ्यातून न्यूट्रॉन सहज निसटत, म्हणून पोकळीचं भय नव्हतं. ते निष्कर्ष उचलून ५०० मेगावॉटच्या भट्टीला चिकटवता येत नाहीत.

ऋणप्रभार

शिवाय ईबीआर-२ च्या सुरुवातीच्या पिना एक-दोन-तीन टक्के जळल्या की फाटायच्या. धातू नळीत ठासून भरलेला, फुगला की नळी गेली. उपाय निघाला तो फुगवटा दाबण्याचा नव्हता. इंधन बारीक केलं, छेदाच्या ७५ टक्केच भरलं आणि मधल्या फटीत सोडियम ओतलं. धातू सुमारे ३० टक्के फुगला की आतले वायूचे बुडबुडे एकमेकांना जोडले जातात, वायू वरच्या मोकळ्या जागेत निघून जातो आणि नळीवरचा रेटा ओसरतो. पुढे प्रायोगिक पिना १९-२० टक्क्यांपर्यंत गेल्या.

मात्र दोन लगाम राहतातच. युरेनियम आणि लोखंड ७२५ अंशांना एकत्र वितळतात, प्लुटोनियम आणि लोखंड तर ४१० लाच. १० टक्के झिर्कोनियम घालतात ते वितळणबिंदू वर न्यायला आणि पोलादाशी होणारी ही मिसळण मंदावायला. तरीही नळीची आतली बाजू थंड ठेवावीच लागते. ईबीआर-२ मध्ये सोडियम ४७३ अंशांना बाहेर पडायचं आणि साडेबासष्टमधून वीज मिळायची २०. म्हणजे ३२ टक्के. शंकेखोर यांचा पहिल्या प्रतिसादातला मुद्दा इथे लागू पडतो: न्यूट्रॉनच्या हिशेबात धातू जिंकतो आणि वाफेच्या हिशेबात हरतो.

सागवान

मध्येच विचारतो. थोरियमचं काय? केरळच्या किनाऱ्यावर आहे म्हणतात ना एवढं. तेच घाला की द्रुत भट्टीत.

खारा वारा

घालता येतं, पण आत्ता नको. भोवतीच्या आच्छादनात युरेनियम-२३८ असेल तर त्याचंही वेगवान न्यूट्रॉननं थोडं विखंडन होतं आणि वरकड न्यूट्रॉन मिळतात. थोरियममध्ये ते फारच कमी, म्हणून प्रजनन गुणांक (खपलेल्यामागे किती नवं इंधन बनतं, तो) घसरतो. आधी प्लुटोनियमचा साठा वाढवायचा, मग थोरियम, असा तीन टप्प्यांचा क्रम आहे तो याच कारणानं. थोरियमपासून होणाऱ्या युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही ३० किलोवॉटची भट्टी कल्पाक्कमलाच आहे. मात्र २३३ बरोबर २३२ येतं आणि त्याच्या वंशावळीतल्या थॅलियमचे २.६ एमईव्हीचे गॅमा. ग्लोव्हबॉक्स पुरत नाही, जाड भिंती आणि यांत्रिक हात लागतात.

थोरियमचा वेगळा धागा काढा, इथे नको.

घटप्रभा

"साठा वाढवायचा" म्हणजे किती, ते मोजूया. पीएफबीआरचं इंधन वरच्याच आकड्यांवरून निघतं. गोळ्यांचा छेद २१.६ चौरस मिलिमीटर, सक्रिय लांबी १ मीटर, ३९,२७७ पिना: ०.८५ घनमीटर. घनता साडेदहा धरली तर ८.९ टन ऑक्साइड. सरासरी २४ टक्के धरून शुद्ध प्लुटोनियम साधारण १,८८० किलो.

१ ग्रॅम विखंडनाला ढोबळ १ मेगावॉट-दिवस. १२५० मेगावॉट, वर्षाचे ७५ टक्के दिवस: ३४० किलो विखंडन. त्यातलं थोडं युरेनियमचं वजा करा, नुसते न्यूट्रॉन गिळून वाया गेलेलं प्लुटोनियम मिळवा, वर्षाला ३७० किलोच्या आसपास खप धरा. प्रजनन गुणांक १.०५ असेल तर वरकड साडेअठरा किलो. दुसऱ्या भट्टीपुरतं साठायला शंभर वर्षं.

तेवढीच शक्ती आणि तेवढाच साठा ठेवून धातूनं गुणांक १.४ दिला तर वर्षाला दीडशे किलो, म्हणजे बारा-तेरा वर्षं.

पाऊणमाणूस

गणित चोख आहे, पण सगळं इंधन कायम गाभ्यात असतं असं धरलंय. तेवढंच इंधन बाहेर निवत, विरघळत, नव्यानं बनत असलं तर साठा दुप्पट लागतो आणि तुमची तेरा वर्षं पंचवीस होतात. म्हणजे इंधन किती दिवस बाहेर राहतं, हा आकडा गुणांकाइतकाच भारी. धातूवाल्यांचा खरा डाव त्यासाठीच आहे. लिथियम-पोटॅशियम क्लोराइडच्या ५०० अंशांच्या वितळलेल्या मिठात विजेनं शुद्धीकरण, त्यात पाणी आणि सेंद्रिय द्रावक नाहीत, म्हणून फार निववत बसावं लागत नाही.

युरेनस

हेच म्हणतोय मी मघापासून.

पाऊणमाणूस

थांबा. त्या मिठाला ओलावा चालत नाही, सगळं आरगॉनच्या जाड भिंतींच्या कोठीत यांत्रिक हातांनी करायचं. फटीतलं सोडियम आधी संपवायचं. आणि निघणारं प्लुटोनियम लॅन्थनाइडांसकट (विखंडनातून झालेल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांसकट) येतं, म्हणून पुढचं इंधनही दुरूनच ओतायचं. दिवसाला किलो आणि वर्षाला टन यात फरक असतो.

सागवान

मग शेवटी खाणीतल्या युरेनियमपैकी किती वापरलं जातं? जाहिरातीत "साठ पट" वाचतो.

शंकेखोर

एक टन युरेनियम पूर्ण जळलं तर सुमारे ९ लाख ४० हजार मेगावॉट-दिवस. जडपाण्याच्या भट्टीत टनामागे ७ हजार निघतात, म्हणजे पाऊण टक्का. द्रुत भट्टीत एका फेरीत १ लाख काढले तरी साडेदहा टक्केच होतात. बाकीचं पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, आणि दर फेरीला पुनर्प्रक्रियेत (जळलेल्यातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढण्यात) नि बनवण्यात थोडं सांडतं. धरा, २ टक्के. फेरीला १० जळले आणि उरलेल्या ९० मधले १.८ गेले, तर एकूण वापर १० भागिले ११.८, म्हणजे ८५ टक्के. फेरीला ५ च जळले तर ५ भागिले ६.९, म्हणजे ७२. "साठ पट" हे भट्टीच्या एकटीच्या जिवावर होत नाही, सांडणं किती कमी त्यावर ठरतं.

ऋणप्रभार

आणि फेरीला किती जळेल हे बहुतेक वेळा इंधन ठरवत नाही, पोलाद ठरवतं. वेगवान न्यूट्रॉनांनी नळीतला प्रत्येक अणू डझनावारी वेळा जागेवरून उडतो, धातूत पोकळ्या होतात आणि जुडग्याभोवतीचा षटकोनी डबा फुगून, वाकून शेजाऱ्याला भिडतो. मग तो गाभ्यातून उपसताना अडकायचा धोका. साधं ३१६ पोलाद लवकर थकतं. पीएफबीआरच्या नळ्या डी-९ च्या, टायटॅनियम घातलेलं आणि २० टक्के थंड घडवलेलं पोलाद, ते ८५ डीपीएच्या (प्रत्येक अणू सरासरी ८५ वेळा जागेवरून उडण्याच्या) आसपास टिकतं. फेरिटिक पोलादं दोनशेच्या घरात जातात, पण साडेसहाशे अंशांना त्यांची ताकद घसरते. कार्बाइडचं दीड लाख बर्नअपही अखेर डब्याच्या फुगवट्यानंच अडवलं होतं, इंधनानं नाही.

विस्मरण

नायट्राइड विसरलात. घनता कार्बाइडपेक्षा जास्त, वहन तसंच, नायट्रिक आम्लात सहज विरघळतं. रशियाची सेवेर्स्कला उभी राहणारी ३०० मेगावॉटची, शिशानं निवणारी ब्रेस्ट त्यावरच आहे. काम जून २०२१ मध्ये सुरू झालं.

घटप्रभा

विसरलो नाही, महाग आहे म्हणून टाळलं. साध्या नायट्रोजनात ९९.६ टक्के नायट्रोजन-१४. तो न्यूट्रॉन खातो आणि त्याचा कार्बन-१४ होतो, अर्धआयुष्य ५,७३० वर्षं. टाळायचं तर नायट्रोजन-१५ वेगळा काढायचा आणि पुनर्प्रक्रियेत तो हवेवर न सोडता परत पकडायचा. रशियाच्याही बीएन-८०० या द्रुत भट्टीचा पूर्ण गाभा २०२२ मध्ये मॉक्सवरच गेला, आणि त्याआधीची बीएन-६०० समृद्ध युरेनियमच्या ऑक्साइडवर.

अणुरेणू

बरं, मूळ प्रश्नाकडे. म्हणजे ऑक्साइड कुठल्याच रकान्यात पहिलं नाही, तरी निवड त्याची. का?

खारा वारा

कारण साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर त्याला आधीच कुणीतरी हाताळलंय. फ्रान्सच्या फेनिक्स, सुपरफेनिक्स, रशियाची बीएन-६०० सगळ्या ऑक्साइडवर. गोळ्या बनवायची जागा आपल्याकडे तयार होती: पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला बीएआरसीची मॉक्सची सुविधा. तारापूरच्या जुन्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांसाठी मॉक्सची जुडगी तिथेच झाली होती. पीएफबीआरच्या पिनाही तिथल्याच.

पुनर्प्रक्रियेचंही तसंच. चांगलं एकजीव झालेलं, तीस टक्क्यांच्या आतलं मॉक्स नायट्रिक आम्लात विरघळतं, म्हणून २८ चा आकडा सोयीचा. जास्त प्लुटोनियम किंवा नीट न मिसळलेले कण असले की न विरघळणारा गाळ राहतो. कार्बाइड विरघळतं, पण मेलिटिकसारखी सेंद्रिय आम्लं तयार होतात, ती प्लुटोनियमला धरून ठेवतात आणि पुढच्या निष्कर्षणात खोडा घालतात. कल्पाक्कमच्या कोरल या पुनर्प्रक्रियेच्या कोठ्यांमध्ये एफबीटीआरचं दीड लाखाचं कार्बाइड विरघळवून दाखवलंय, तेव्हा अशक्य नाही. मात्र ते किलोंच्या पटीत झालं. पीएफबीआरला टन लागतात.

युरेनस

तरी पिन फुटली तर ऑक्साइडच घात करतं. सोडियम आत शिरलं की युरेनोप्लुटोनेट हे संयुग होतं, ते जागा जास्त घेतं आणि चीर रुंदावते. धातू आणि कार्बाइड सोडियममध्ये निवांत बसतात.

पाऊणमाणूस

बरोबर. म्हणूनच ऑक्साइडच्या भट्टीत फुटकी पिन हेरायची यंत्रणा चोख लागते. आधी सोडियमवरच्या आवरण वायूत किरणोत्सर्ग चढतो, त्यावर लगेच भट्टी थांबवत नाहीत. सोडियममध्ये विलंबित न्यूट्रॉन (विखंडनाच्या तुकड्यांतून उशिरा निघणारे) दिसले म्हणजे इंधन उघडं पडलं. मग थांबायचं, एकेका जुडग्यातल्या सोडियमचा नमुना घेऊन दोषी शोधायचं आणि काढायचं. उशीर केला तर चीर वाढत जाते.

चिंचोके

आणि तयार मॉक्स फार दिवस पडून राहिलं तर? आमच्याकडे प्रकल्पांना उशीर होतो असं ऐकून आहे.

ऋणप्रभार

प्लुटोनियम-२४१ चं अर्धआयुष्य १४.३ वर्षं. त्याचं अमेरिशियम-२४१ होत जातं. विखंडनाचा वाटा घटतो, तेव्हा गाभ्याची प्रतिक्रियाशीलता (साखळी चालू ठेवायची क्षमता) नव्यानं मोजून सळ्यांची पातळी ठरवावी लागते. शिवाय अमेरिशियमचे ६० केईव्हीचे गॅमा. भुकटी जुनी असली तर ग्लोव्हबॉक्सला शिसं घातलेली काच आणि कामाच्या पाळ्या छोट्या. बंद पिनांना तेवढं भय नाही, पोलाद बरंच अडवतं. जुनी भुकटी वापरायची तर आधी अमेरिशियम वेगळं काढून, मग गोळ्या.